वारसा भाषा म्हणून मराठीचे अध्यापन

वारसा भाषा म्हणून मराठीचे अध्यापन म्हणजे महाराष्ट्राबाहेर, विशेषतः परदेशात, वाढणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना त्यांच्या घरची भाषा शिकविण्याचे कार्य होय. या मुलांच्या शाळेची, मित्रांची आणि रस्त्यावरची भाषा वेगळी असते. मराठी त्यांना घरात ऐकून ठाऊक असते, परंतु ती बोलणे, वाचणे आणि लिहिणे आपोआप साधत नाही. असे अध्यापन मुख्यतः महाराष्ट्र मंडळांनी चालविलेल्या साप्ताहिक शाळांतून, पालक व आजी-आजोबांच्या प्रयत्नांतून आणि अलीकडे दूरस्थ वर्गांतून होते. मॉरिशससारख्या देशात मात्र मराठी हा सरकारी शाळेतील वैकल्पिक विषय आहे.

संज्ञा

‘वारसा भाषा’ ही संज्ञा कॅनडातील शैक्षणिक व्यवहारातून रूढ झाली. तेथील ऑन्टॅरिओ प्रांताने १९७७ मध्ये स्थलांतरितांच्या मुलांसाठी वारसा भाषा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे ही संज्ञा अमेरिकेतील भाषाशिक्षणातही स्थिरावली. मातृभाषा, परभाषा आणि वारसा भाषा या तीन कल्पना एकमेकींपासून वेगळ्या आहेत. लातूर किंवा नाशिक येथील मुलाची मराठी ही मातृभाषा असते, कारण घर, अंगण आणि शाळा या तिन्ही ठिकाणी ती त्याला भेटते. पुण्यात येऊन मराठी शिकणाऱ्या जर्मन विद्यार्थ्याला ती परभाषा असते आणि त्याला प्रत्येक ध्वनी नव्याने शिकावा लागतो. वारसा विद्यार्थी या दोहोंच्या मध्ये असतो. ‘ताट घे’, ‘हात धू’, ‘आजीला नमस्कार कर’ ही वाक्ये त्याला विनासायास कळतात. पण उत्तर देताना तो इंग्रजीचा आश्रय घेतो. भाषा समजते, बोलता येत नाही, अशी ही अवस्था असते. तिच्याकडे आळस किंवा अनास्था म्हणून पाहणे योग्य ठरत नाही.

अमेरिकी समाजभाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, भाषा टिकण्याचा निर्णायक टप्पा शाळा किंवा शासन हा नसून एका पिढीने दुसऱ्या पिढीशी घरात ती बोलणे हा आहे. स्थलांतरितांची भाषा साधारणतः तिसऱ्या पिढीपर्यंत लोप पावते, असे अमेरिकेतील अनेक भाषिक समाजांबाबत आढळले आहे. मराठी भाषकांच्या इतिहासात या प्रतिपादनाला पुष्टी देणारी आणि त्याला मर्यादा घालणारी अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे सापडतात.

तंजावर आणि मॉरिशस

महाराष्ट्राबाहेर मराठी टिकविण्याचा सर्वांत दीर्घ प्रयोग कोणत्याही योजनेविना तंजावर येथे झाला. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे राज्य स्थापन केले व ते १८५५ पर्यंत टिकले. या काळात तंजावरच्या दरबारात मराठीतून नाटके लिहिली गेली, मोडी लिपीत कारभार चालला आणि दुसरे सरफोजी यांच्या कारकिर्दीत, १८०३ मध्ये, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. राज्य संपल्यावर भाषेला कोणताही राजाश्रय उरला नाही. शिक्षण तमिळ आणि इंग्रजीतून होऊ लागले. तरीही तमिळनाडूत विखुरलेल्या अनेक कुटुंबांत मराठी आजतागायत बोलली जाते. तिच्यात तमिळ शब्द व वाक्यरचना मिसळल्या आहेत, तसेच महाराष्ट्रात मागे पडलेली काही जुनी रूपेही तिच्यात शिल्लक आहेत. मात्र यांपैकी पुष्कळांना देवनागरीतील मराठी वाचता येत नाही. घरात भाषा राहिली, पण अक्षर गेले.

मॉरिशसमध्ये याच्या उलट घडले. १८३४ नंतर या बेटावरील उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी भाषकही होते. त्यांच्या वंशजांनी देवळे, भजने आणि गणेशोत्सव यांच्या आधारे आपली ओळख जपली. गणेश चतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुट्टी आहे. स्वतंत्र मॉरिशसच्या शिक्षणव्यवस्थेत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर मराठीलाही प्राथमिक शाळेत वैकल्पिक विषयाचे स्थान आहे आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च शिक्षण व शिक्षक-प्रशिक्षण यांची सोय आहे. पाठ्यपुस्तक, परीक्षा, पगारी शिक्षक अशा ज्या गोष्टींची उत्तर अमेरिकेतील किंवा युरोपातील मराठी पालक इच्छा करतात, त्या बहुतेक सर्व मॉरिशसमध्ये आहेत. परंतु तेथील मराठी घरांची दैनंदिन भाषा आता मुख्यतः क्रिओल आहे. मुलगा परीक्षेत मराठी निबंध लिहितो आणि घरी येऊन आईशी क्रिओलमध्ये बोलतो. येथे अक्षर राहिले, पण घरातली भाषा पालटली.

तिसरे उदाहरण बेने इस्रायली समाजाचे आहे. कुलाबा परिसरातून व मुंबईतून १९४८ नंतर इस्रायलला गेलेल्या या मराठी भाषक ज्यूंनी तेथे मराठीतून ‘मायबोली’ हे नियतकालिक चालविले, कीर्तने केली, नाटके बसविली. तथापि, हिब्रू ही त्यांच्या दृष्टीने परक्यांची भाषा नव्हती, तर धर्माची आणि नव्या राष्ट्राची भाषा होती. त्यामुळे मुलांना मराठी शिकविण्याची निकड फारशी उत्पन्न झाली नाही आणि मराठी बहुतांशी भारतात जन्मलेल्या पिढीपुरती राहिली.

उत्तर अमेरिकेतील मराठी शाळा

अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतातून डॉक्टर, अभियंते व संशोधक मोठ्या संख्येने तेथे जाऊ लागले. त्या काळात स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळांचे स्वरूप सण साजरे करणाऱ्या स्नेहमंडळांचे होते. १९८१ मध्ये विविध मंडळांची शिखर संस्था म्हणून बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. शिकागोचे विष्णू वैद्य हे तिचे संस्थापक होत. तिचे पहिले अधिवेशन १९८४ मध्ये शिकागो येथेच भरले. (याच नावाची एक वेगळी संस्था भारतात, महाराष्ट्राबाहेरील मंडळांसाठी कार्य करते.)

पहिल्या पिढीतील पुष्कळ पालकांनी मुलांशी जाणीवपूर्वक इंग्रजीत बोलणे पसंत केले. दोन भाषा ऐकल्याने मूल गोंधळेल, त्याचे इंग्रजी उच्चार बिघडतील किंवा ते वर्गात मागे पडेल, अशी भीती त्या काळी शिक्षक व डॉक्टरही व्यक्त करीत असत. ही भीती निराधार असल्याचे पुढील संशोधनाने दाखवून दिले. परंतु तोपर्यंत एक पिढी मोठी झाली होती. आपल्या आजोबांशी दूरध्वनीवर दोन वाक्यांपलीकडे बोलता न आलेल्या त्या मुलांपैकी काही जण आज स्वतः पालक आहेत आणि आपल्या मुलांना मराठी शाळेत घालीत आहेत.

१९९० नंतर संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांमुळे मराठी कुटुंबांची संख्या झपाट्याने वाढली आणि एखाद्या घराच्या तळघरात चार-पाच मुलांना जमवून चालणाऱ्या वर्गांचे शाळांत रूपांतर झाले. बृहन्महाराष्ट्र मंडळाने या विखुरलेल्या शाळांना समान अभ्यासक्रम दिला. त्याच्या परीक्षा व प्रमाणपत्रे यांसाठी पुण्याच्या भारती विद्यापीठाचे सहकार्य लाभले आहे. शाळा बहुधा शनिवारी किंवा रविवारी भाड्याच्या शाळागृहात, ग्रंथालयात अथवा देवळाच्या सभागृहात भरते. शिकविणारे जवळजवळ सर्व जण स्वयंसेवक असतात. त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असून व्यवसायाने शिक्षक असलेले थोडे असतात.

या शाळांची मुख्य अडचण वेळेची आहे. आठवड्याला दीड-दोन तास आणि वर्षाकाठी तीसेक वर्ग धरले, तर एका मुलाला वर्षात ४५ ते ६० तास मराठी मिळते. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाचे मूल इतके तास दोन-तीन आठवड्यांत शाळेतच घालविते. शिवाय एकाच वर्गात सहा वर्षांचे आणि अकरा वर्षांचे मूल, घरी केवळ मराठी बोलणारे आणि आई-वडिलांपैकी एकच मराठी असलेले मूल शेजारी शेजारी बसलेले असते. बारा-तेराव्या वर्षी खेळ, संगीत आणि शालेय स्पर्धा यांचे वेळापत्रक मराठी वर्गावर मात करते आणि नेमके गंभीर वाचन सुरू होण्याच्या वयात मुले शाळा सोडतात.

औपचारिक मान्यता

मुलाला किशोरवयातही भाषेशी बांधून ठेवण्यासाठी तिची दखल त्याच्या नेहमीच्या शाळेने घ्यावी, असा प्रयत्न अनेक ठिकाणी होत आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०११ मध्ये द्विभाषिक प्रावीण्याची मुद्रा देण्याचा कायदा केला आणि नंतर इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. इंग्रजीखेरीज दुसऱ्या एका भाषेत ठरावीक पातळी गाठणाऱ्या विद्यार्थ्याच्या शालान्त प्रमाणपत्रावर ही मुद्रा उमटते. त्यासाठी आवश्यक असलेली प्रमाणित चाचणी मराठीतही उपलब्ध आहे.

इतरत्र चित्र निराळे आहे. ब्रिटनमध्ये लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून कार्यरत असून ते भारताबाहेरील जुन्या मराठी संस्थांपैकी एक आहे. तथापि, ब्रिटनच्या शालान्त परीक्षेत बंगाली, गुजराती, पंजाबी व उर्दू हे विषय असले तरी मराठी नाही. सिंगापूरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला इंग्रजीबरोबर एक मातृभाषा शिकावी लागते. तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी व उर्दू या भारतीय भाषांचा पर्याय तेथे मान्य आहे. मराठी आणि मल्याळम यांना तो दर्जा नाही. त्यामुळे तेथील मराठी मूल ‘मातृभाषा’ या शीर्षकाखाली बहुधा हिंदी शिकते. लिपी एकच असल्याने त्याला मराठी अक्षरे वाचता येतात हा लाभ खरा. पण ‘मेरा’ आणि ‘माझा’ यांची सरमिसळ, ‘ळ’चा लोप आणि नपुंसकलिंगाचा विसर हे त्याचे ठरलेले परिणाम होत.

वारसा विद्यार्थ्याची मराठी

या मुलांच्या भाषेतील चुका यादृच्छिक नसतात. त्या कोठे होतात हे पाहिले असता शिकविण्याची दिशाच हाती लागते.

सर्वांत प्रथम जाणवतो तो कर्त्याचा प्रश्न. इंग्रजीत थंडी वाजणे, भूक लागणे, आवडणे या सर्वांत ‘मी’ हा कर्ता असतो. मराठीत तो ‘मला’ होतो. म्हणून मूल ‘मला थंडी वाजते’ याऐवजी ‘मी थंड आहे’ म्हणते आणि ‘मला आंबा आवडतो’ याऐवजी ‘मी आंबा आवडतो’ म्हणते. भूतकाळात अडचण दुणावते. ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी केळे खाल्ले’ या वाक्यांत क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे न बदलता खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते. इंग्रजीत अशी रचना नाही. हा कर्मणी प्रयोग आहे असे सांगून तो मुलांना येत नाही. पोळी, आंबा आणि केळे प्रत्यक्ष पुढे ठेवून दहा वेळा बोलावे लागते.

लिंगव्यवस्थेचा आणखी एक पैलू परदेशातील घराच्या रचनेतून उद्भवतो. लहान मूल दिवसाचा बराच वेळ आईबरोबर असते आणि तिच्या तोंडचे ‘मी जाते’, ‘मी करते’ हे ऐकून मुलगेही तसेच बोलू लागतात. महाराष्ट्रातही हे घडते, परंतु गल्लीतील सवंगडी चिडवून ही सवय चार महिन्यांत मोडून काढतात. परदेशात मराठी बोलणारे सवंगडी नसतात, म्हणून आठ-नऊ वर्षांचा मुलगाही ‘मी शाळेत गेले’ असे म्हणताना आढळतो. यावर उपाय व्याकरणाचा नसून वडिलांनी मुलाशी अधिक मराठी बोलण्याचा आहे.

विभक्ती लागण्यापूर्वी शब्दाचे होणारे सामान्यरूप हेही एक अवघड स्थान आहे. ‘माणूस’चे ‘माणसाला’, ‘घोडा’चे ‘घोड्यावर’, ‘घर’चे ‘घरात’ ही रूपे ऐकणाऱ्याला कळतात, पण बोलताना ‘माणूसला’, ‘घोडावर’, ‘घरमध्ये’ अशी सोपी रूपे येतात. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील भेद इंग्रजीत नाही. ‘आम्ही जेवायला जाऊ’ असे पाहुण्यांना सांगणारे मूल नकळत त्यांना वगळत असते.

उच्चारांत ‘त’ व ‘ट’, ‘द’ व ‘ड’, ‘न’ व ‘ण’, ‘ल’ व ‘ळ’ या जोड्या कानाला वेगळ्या न वाटण्याची शक्यता असते. ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘मन’ आणि ‘मण’ असे शब्द जोडीने ऐकवून प्रथम कान तयार करणे आणि मगच जिभेकडे वळणे अधिक फलदायी ठरते. ‘चहा’तील आणि ‘चमचा’तील ‘च’ निराळे आहेत, हे लिपी दाखवीत नाही. ज्याने शब्द ऐकलाच नाही त्याला पुस्तकावरून हा भेद कळण्याचा मार्ग नाही.

नात्यांच्या शब्दांची गोष्ट वेगळी. इंग्रजीतील एका शब्दात मावशी, आत्या, काकू आणि मामी अशा चौघी सामावतात. परदेशात आई-वडिलांच्या सर्व मित्रांना ‘काका’ व ‘मावशी’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. तिच्यात आपुलकी आहे. मात्र आईची बहीण ती मावशी आणि वडिलांची बहीण ती आत्या हा मूळ भेद तिच्यामुळे पुसट होतो. आदरार्थी रूपांचेही असेच. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून काय निवडावे हे नियमाने सांगता येत नाही. आईला आणि आजीला ‘तू’ म्हणणारे मूल बाबांनाही ‘तू’ म्हणते आणि पुष्कळ घरांत ते चालतेही. पण गावाकडच्या थोरल्या चुलत्यांना ‘तू कधी आला?’ असे विचारल्यावर जी शांतता पसरते तिचे कारण त्या मुलाला उमगत नाही.

संख्यावाचन हा तर सर्वमान्य अडथळा आहे. ‘एकोणसत्तर’, ‘सत्तेचाळीस’, ‘पंच्याण्णव’ ही रूपे जवळजवळ एकेक करून पाठ करावी लागतात. या अडचणीची जाणीव महाराष्ट्रातही आहे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशा वाचनाची पद्धत आणली तेव्हा मोठा वाद झाला होता. परदेशातील वर्गांत वय, घराचा क्रमांक, दूरध्वनी क्रमांक आणि बाजारातील किमती एवढ्या व्यवहारापुरते संख्यावाचन आधी शिकविणे इष्ट मानले जाते.

अध्यापनपद्धती

प्रारंभीच्या काळात बहुतेक मराठी शाळांनी महाराष्ट्रातील पहिली-दुसरीची पाठ्यपुस्तके वापरली. ती सहज मिळत आणि पालकांच्या ओळखीची होती. परंतु ही पुस्तके मराठीत अस्खलित बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासाठी रचलेली असतात. वारसा विद्यार्थी नऊ-दहा वर्षांचा असतो, त्याची बौद्धिक पातळी त्या वयाची असते आणि भाषेची पातळी तीन-चार वर्षांच्या मुलाची असते. त्याला ‘कमळ बघ’ हा पाठ पोरकट वाटतो आणि त्याच्या वयाला साजेसा धडा समजत नाही. ही दरी भरून काढणारे साहित्य हीच या क्षेत्राची खरी गरज आहे.

लिपी केव्हा शिकवावी याबाबत मतभेद आहेत. अक्षरओळखीपासून आरंभ केल्यास पालकांना प्रगती दिसते, कारण वही भरते. परंतु बोलण्याची सवय नसलेल्या मुलाने बाराखडी पूर्ण केली तरी वाचलेल्या शब्दाचा अर्थ त्याला लागत नाही. पहिले वर्ष गोष्टी, गाणी, खेळ व संवाद यांना देऊन नंतर लिपीकडे वळणे अधिक सयुक्तिक होय. दुसऱ्या टोकाला, लिपी टाळून रोमन अक्षरांत मराठी लिहून देण्याची सवय मंडळांच्या कार्यक्रमांत सर्रास दिसते. गणेशोत्सवातील नाट्यप्रवेश किंवा शिवजयंतीचे भाषण मूल रोमन लिपीतून पाठ करते आणि टाळ्या मिळविते. रोमन लिपीत ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’ आणि ‘कल’ हे चारही शब्द सामान्यतः एकसारखे लिहिले जातात. त्यांतील कोणता आपण उच्चारला हे मुलाला ठाऊक नसते. तंजावरकडे पाहता लिपी गमावण्याची किंमत मोठी आहे: मागील पिढ्यांचे ग्रंथ, पत्रे आणि दप्तरे सर्व बंद होतात.

ज्यांची परंपरा परभाषा-अध्यापनाची आहे अशा तज्ज्ञांनी केलेले कामही येथे उपयोगी पडते. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने अमराठी भाषकांसाठी ‘माय मराठी’ ही पाठ्यपुस्तकमाला तयार केली. तिची मांडणी युरोपातील भाषाशिक्षणाच्या पायऱ्यांनुसार, प्रसंग व संवाद यांच्या आधारे केलेली आहे. ती मुलांसाठी नसली तरी भाजी घेणे, पत्ता विचारणे, प्रकृतीची चौकशी करणे अशा प्रसंगांतून व्याकरण शिकविण्याची तिची रीत मराठी शाळांना अनुकरणीय आहे.

बोली आणि प्रमाण मराठी

मराठी शाळांत शिकविली जाते ती प्रमाण मराठी. मुलाच्या घरची मराठी मात्र बहुधा एखादी बोली असते आणि वारसा म्हणून त्याला तीच मिळालेली असते. परभणी जिल्ह्यातील सोनपेठ हे तालुक्याचे गाव उदाहरणादाखल घेता येईल. अशा गावातून शिक्षणासाठी आधी छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे आणि तेथून नोकरीनिमित्त परदेश, असा स्थलांतराचा क्रम मराठवाड्यात परिचित आहे. सोनपेठच्या परिसरात ‘मी जात आहे’ याऐवजी ‘मी जायलो’ आणि ‘काय करत आहेस?’ याऐवजी ‘काय करायलास?’ असे बोलतात. आजीकडून हे ऐकलेल्या मुलाने परदेशातील मराठी वर्गात ‘मी जेवायलो’ असे म्हटले आणि ते अशुद्ध ठरविले गेले, तर त्याच्या जवळ असलेली एकमेव जिवंत मराठी चुकीची आहे असा त्याचा समज होतो. तो पुन्हा इंग्रजीकडे वळतो. शाळेने प्रमाणरूप शिकवावे, पण ‘आजी असे म्हणते, पुस्तकात तसे लिहितात’ एवढेच सांगून दोन्ही रूपे राहू द्यावीत. कोल्हापूरकडे स्त्रियाही ‘मी आलो’ असे म्हणतात. वऱ्हाडी, मालवणी व अहिराणी भाषक घरांचीही आपापली रूपे आहेत. एकाच वर्गातील मुलांनी आपल्या घरचे शब्द गोळा करून तुलना करणे हा काही शिक्षकांनी यशस्वी केलेला उपक्रम होय.

मराठवाड्याचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी ही बहुसंख्य लोकांच्या घरची भाषा असूनही वरच्या वर्गांत तिला माध्यमाचे स्थान नव्हते. १९२१ मध्ये सुरू झालेल्या हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेसारख्या संस्था, खाजगी शाळा, वाचनालये, कीर्तने आणि घरोघरी होणारे पोथीवाचन यांनी ती उणीव काही अंशी भरून काढली. त्या पिढीतील कित्येक जण शाळेत उर्दू लिहीत आणि घरी ज्ञानेश्वरी वाचीत. शाळेची भाषा एक आणि घरची दुसरी ही स्थिती म्हणजे केवळ परदेशस्थ कुटुंबांवर आलेला अपूर्व प्रसंग नव्हे. अर्थात, सोनपेठच्या बाजारात तेव्हाही मराठीच बोलली जात होती. परदेशातील मुलाला तो बाजार नाही, हा फरक लक्षात घ्यावयास हवा.

घर आणि आजी-आजोबा

मराठी शाळेत नियमित जाणाऱ्या मुलांतही प्रत्यक्ष बोलणारी मुले बहुधा तीच असतात, ज्यांच्या घरी मराठीची गरज भासते. आई-वडील दोघेही इंग्रजी जाणतात हे मुलाला ठाऊक असते. त्यामुळे त्यांच्याशी मराठी बोलणे हा त्याच्या लेखी एक खेळ किंवा शिस्त असते. जिला इंग्रजी येत नाही अशी आजी मात्र खरी गरज निर्माण करते. काही महिन्यांसाठी परदेशी येणारे आजी-आजोबा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतील गावचा मुक्काम यांनी मुलाच्या बोलण्यात जो फरक पडतो, तो वर्षभराच्या वर्गांनी पडत नाही, असा पालकांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

दृक्-संवादाच्या सोयीमुळे हा संबंध आता रोज ठेवता येतो. परंतु ‘कसा आहेस?’, ‘जेवलास का?’, ‘अभ्यास कर’ या तीन वाक्यांत संभाषण आटोपले तर त्याचा उपयोग बेताचाच. आजीने पुरणपोळीची कृती सांगावी आणि नातीने ती करून दाखवावी, आजोबांनी रोज गोष्टीचा एक भाग सांगून तो अर्धवट सोडावा, गावातील पाऊस, पीकपाणी, बैलपोळा यांविषयी मुलाने प्रश्न विचारावेत, अशा रीतीने काही काम हाती असेल तर बोलणे लांबते आणि शब्दसंग्रह वाढतो. मुलाच्या चुकांवर हसणे किंवा पाहुण्यांसमोर त्याला ‘मराठीत बोलून दाखव’ असे सांगणे यांचा परिणाम नेमका उलट होतो.

आई-वडिलांपैकी एकच मराठी भाषक असलेल्या घरांत ‘एक पालक, एक भाषा’ हा नियम पाळला जातो. त्यात सातत्य ठेवणे कठीण असते; विशेषतः मूल शाळेत जाऊ लागून इंग्रजीत उत्तरे देऊ लागल्यावर बहुतेक पालक ढिले पडतात. मूल इंग्रजीत उत्तर देत असले तरी पालकांनी मराठीतच बोलत राहिल्यास निदान आकलन टिकून राहते आणि पुढे तरुणपणी इच्छा झाल्यास त्यावर बोलणे उभारता येते. भावंडांमध्ये थोरल्याला मराठी अधिक येते. धाकट्याशी तो इंग्रजीत बोलतो आणि इंग्रजी घरात शिरते ती बहुधा याच दाराने.

शासकीय प्रयत्न

या बाबतीत भारतातील राज्यांत केरळचे उदाहरण सर्वांत सुसंघटित आहे. केरळ शासनाने २००९ मध्ये सुरू केलेल्या मल्याळम मिशनद्वारे राज्याबाहेर व देशाबाहेर वाढणाऱ्या मुलांना मल्याळम शिकविले जाते. तिच्या चार अभ्यासक्रमांना फुलांची नावे आहेत: कणिक्कोन्न (बहावा), सूर्यकांती (सूर्यफूल), आंबल (कुमुद) आणि नीलकुरिंजी. पहिले दोन प्रत्येकी २ वर्षांचे आणि नंतरचे दोन प्रत्येकी ३ वर्षांचे असून एकूण १० वर्षांचा हा क्रम दहावीच्या पातळीपर्यंत जातो. मुंबई व पुणे परिसरातील मल्याळी मुलांसाठीही मिशनचे वर्ग चालतात. तमिळनाडूनेही परदेशस्थ तमिळ भाषकांसाठी संगणकाधारित अध्ययनाची संस्था उभारली आहे.

महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये राज्य मराठी विकास संस्था आणि २०१० मध्ये स्वतंत्र मराठी भाषा विभाग स्थापन केला. २०२३ पासून विश्व मराठी संमेलन भरविले जाते व त्याला परदेशस्थ मराठी भाषक उपस्थित राहतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. संमेलने आणि गौरव यांच्या तुलनेत परदेशातील मुलांसाठी श्रेणीबद्ध अभ्यासक्रम व शिक्षक-प्रशिक्षण यांचे काम मागे राहिले असून त्याचा भार अद्याप मुख्यत्वे स्वयंसेवी मंडळांवर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांहून अधिक आहे. एवढ्या मोठ्या भाषेला परदेशातील काही हजार मुलांची चिंता वाटू नये हे स्वाभाविक असले, तरी त्या मुलांच्या दृष्टीने प्रश्न भाषेच्या लोकसंख्येचा नसून आजीशी बोलता येण्याचा आहे.

उपलब्ध साहित्य

बालभारती या नावाने परिचित असलेल्या, १९६७ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. याच मंडळाचे ‘किशोर’ हे मासिक १९७१ पासून प्रसिद्ध होत असून त्याचे जुने अंकही संगणकावर वाचता येतात. छोट्या गोष्टी, कोडी आणि चित्रे यांमुळे ते दहा वर्षांवरील वारसा विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक रुचते. त्याखालील वयासाठी प्रत्येक पानावर एक-दोन वाक्ये असलेली चित्रपुस्तके सोयीची पडतात. ध्वनिमुद्रित पुस्तके पालकांचे उच्चार बोलीचे किंवा इंग्रजी वळणाचे असतील तेथेही उपयोगी ठरतात, मात्र ऐकताना छापील मजकूर समोर असावा. टंकलेखनासाठी युनिकोड देवनागरी सर्व भ्रमणध्वनींवर असल्याने मुलाने आजोबांना रोज एक ओळ देवनागरीत लिहून पाठविणे आणि आजोबांनी त्याच लिपीत उत्तर देणे हा लेखनाचा सराव अनेक कुटुंबांत रुळला आहे.